एक मुक्काम आधी

जहाज संध्याकाळी सुटणार असेल, तर ते जिथून सुटतं त्या शहरात आपण कधी पोहोचावं? त्याच दिवशी सकाळी, आदल्या दिवशी, की दोन दिवस आधी? प्रश्न पाचवीच्या गणितासारखा वाटतो. पण गेले तीन आठवडे आमच्या घरात जेवणानंतर दस्तरखान आवरला की हाच विषय निघतो. त्यावर एवढं बोलणं झालं, की म्हटलं, लिहूनच काढावं. उमरेडसारख्या गावातून क्रूझला निघणारं आमचं घर काही शेवटचं नसणार.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात जण मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जाणार आहोत. अम्मी, भाईजान, भाभी, त्यांचा मुलगा, मी, माझे मिस्टर आणि आमची मुलगी. पैसे भाभीने आणि मी तीन वर्षं भिशीतून साठवले. कल्पना अम्मीची. ती आता ७१ वर्षांची आहे. अब्बांसोबत तिचा हज झाला तो विमानाने. नागपूरला विमानात बसली आणि जिद्दाहला उतरली. मध्ये समुद्र होता हे तिला कुणीतरी सांगितलं तेवढंच. अब्बा गेल्यानंतर एकदा ती सहज म्हणाली, "मेरे अब्बा जहाज से गये थे. मैंने समंदर किनारे से ही देखा." तेवढ्या एका वाक्यावर ही सगळी सहल उभी राहिली.

तिकिटं निघाली. जहाज शनिवारी संध्याकाळी पाचला सुटणार. मग प्रश्न आला मुंबई गाठण्याचा.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोबाईलवर पाच मिनिटांत हिशेब मांडला. शनिवारी सकाळी सहाचं विमान, साडेसातला मुंबई, नाश्ता करून आरामात बंदरावर. "फुप्पी, हातात नऊ तास आहेत. उगाच एक रात्र हॉटेलचे पैसे कशाला?" त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. नऊ तास म्हणजे खूप झाले. आमच्या शाळेची सकाळपाळी दोनदा भरून सुटेल एवढा वेळ.

माझे मिस्टर मधल्या मार्गाचे. ते म्हणाले, विमान नको, शुक्रवारी रात्री नागपूरहून दुरांतो पकडू. रात्री पावणेनऊच्या सुमारास सुटते, सकाळी आठच्या आसपास मुंबईला सोडते. झोपही होईल, हॉटेलही वाचेल.

अम्मी काहीच बोलली नाही. तसबीह ओढत ऐकत राहिली.

मी शिक्षिका आहे, जहाजातलं मला फारसं कळत नाही. म्हणून आधी जहाज कसं सुटतं ते समजून घेतलं. आपण 'जहाज पाचला सुटतं' म्हणतो, पण प्रवाशाच्या दृष्टीने ते त्याच्या बरंच आधी सुटलेलं असतं. चेक-इनचं काउंटर जहाज हलायच्या तास-दोन तास आधी बंद होतं. मग प्रवाशांची अंतिम यादी तयार होते आणि ती संबंधित खात्यांकडे जाते. बंदरातून जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट चढतो, त्याची वेळ ठरलेली असते. धक्क्यावरची जागा दुसऱ्या जहाजाला द्यायची असते. पुढच्या बंदरातली वेळही बांधलेली असते. दोन हजार माणसं आत असताना सात जणांसाठी हे सगळं कुणी थांबवत नाही, आणि थांबवूही नये. एसटीचा कंडक्टर ओळखीचा असेल तर घंटी मारायला दोन मिनिटं उशीर करेल. जहाजाला तशी सोय नाही.

आणि जहाज चुकलं, तर पुढच्या बंदरावर गाठू, असंही गृहीत धरता येत नाही. मध्येच चढू द्यायचं की नाही ते कंपनी आणि बंदराची परवानगी ठरवते. पैसे सहसा परत मिळत नाहीत. विमान चुकलं तर दुसरं विमान असतं, रेल्वे चुकली तर दुसरी रेल्वे. जहाज आठवड्यातून एकदा सुटतं आणि तुमचं तिकीट त्या एकाच दिवसाचं असतं.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने हे भोगलं आहे. त्याच दिवशीचं सकाळचं विमान होतं. आधी एक तास उशीर, मग आणखी दोन, मग दुपारी 'तांत्रिक कारणाने रद्द'. विमान कंपनीने तिकिटाचे पैसे दिले. जहाजाचे गेले ते गेलेच. विमान कंपनीशी तुमचा करार मुंबईपर्यंतचा, जहाज कंपनीशी धक्क्यापासूनचा. मधली जबाबदारी कुणाचीच नाही, म्हणजे ती आपली.

मग मी पुतण्याचे नऊ तास पुन्हा मोजले. ते नऊ तास विमान उडालं तरच आहेत. उडालंच नाही तर? सकाळी सहाला नागपूरच्या विमानतळावर आपल्याला कळलं की आज विमान जाणार नाही. आता मुंबई गाठायला काय काय आहे? रेल्वेला अकरा-बारा तास लागतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आहे आणि आठ तासांत जाता येतं म्हणतात, पण ते आठ तास आमण्यापर्यंतचे. तिथून पुढे भिवंडी, ठाणे आणि मुंबईची गर्दी. शिवाय सात माणसांना मावेल अशी गाडी सकाळी सहाला लगेच मिळायला हवी, आणि वाटेत ७१ वर्षांच्या बाईला थांबायला लागेल. तीनपर्यंत बंदरावर पोहोचणं शक्य नाही. दुसरं विमान? त्या दिवशी रद्द झालेल्या विमानातले सगळेच त्या जागांसाठी रांगेत असतील. एका माणसाला मिळेलही जागा, सात जणांना एकत्र मिळणार नाही.

म्हणजे नऊ तास पुरेसे की अपुरे, हे नऊ या आकड्यावरून ठरत नाही. पहिली सोय कोसळली तर दुसऱ्या सोयीने पोहोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा हातात हवा. पुण्याच्या माणसाची गाडी रद्द झाली तर तो टॅक्सीने चार तासांत मुंबईत येतो. त्याने त्याच दिवशी सकाळी निघावं, काही बिघडत नाही. नाशिककराचंही तसंच. आपण विदर्भातले लोक त्यांचा हिशेब आपल्याला लावतो तिथे गडबड होते. विमानाने मुंबई दीड तासावर आहे खरी, पण विमान नसलं की ती एकदम आठशे किलोमीटरवर जाते.

हे उगाच घाबरणं नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात काय झालं ते आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीला वैमानिक पुरेनात. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लग्नाचे वऱ्हाडी, परीक्षेचे विद्यार्थी, सगळे विमानतळांवर फरशीवर बसलेले आपण टीव्हीवर पाहिले. त्यात कुणाचं जहाजही असेल.

मिस्टरांच्या दुरांतोला एक मोठा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते, आणि क्रूझ जिथून सुटते तो बॅलार्ड पिअर तिथून दोन किलोमीटरच्या आतच आहे. विमानतळ मात्र पंचवीस किलोमीटर लांब. विमानाने वाचवलेला वेळ मुंबईच्या रस्त्यावर परत द्यावा लागतो. बॅलार्ड पिअरवर आता नवीन आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि ७२ काउंटर अशी त्याची क्षमता सांगतात. जुने लोक सांगतात की याच बॅलार्ड पिअरवर इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनही होतं. विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरायचा आणि तिथेच पंजाब लिमिटेडमध्ये बसून पेशावरकडे रवाना व्हायचा. बोटीच्या दिवसांप्रमाणे गाडीचे दिवस ठरलेले असायचे.

तरी दुरांतो शनिवारी सकाळी पोहोचणारी आहे. चार तास उशिरा आली तरी चालेल. पण रात्री कुठे मालगाडीचे डबे घसरले आणि गाडी अडकली, तर मध्यरात्री बडनेरा-भुसावळच्या मध्ये आपल्याकडे दुसरी सोय कोणती? तिथून पुढे आमचं काही चालणार नाही.

इथवर बोलणं आलं तेव्हा अम्मीने तसबीह बाजूला ठेवली आणि नानांची गोष्ट सांगितली.

अम्मीचं माहेर उमरेडचंच. नानांचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं. १९६९ साली ते हजला गेले, तेव्हा अम्मी चौदा वर्षांची होती. जहाजाच्या तारखेच्या आठ दिवस आधी नाना घरातून निघाले. उमरेडच्या स्टेशनवर छोटी लाईनची गाडी यायची, तीच जी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. अर्धा मोहल्ला स्टेशनवर आला होता. पत्र्याची पेटी, बिछाना, तांदूळ-डाळीच्या पिशव्या, लोणच्याची बरणी. नागपूरला गाडी बदलून नाना मुंबईला गेले आणि जहाज सुटेपर्यंत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात राहिले. तिथे लस टोचून घ्यायची, कागद तपासायचे, पैसे बदलून घ्यायचे. आणि वाट पाहायची.

"आठ दिवस आधी का?" पुतण्याने विचारलं.

"मैंने भी यही पूछा था," अम्मी म्हणाली. "अब्बा बोले, बेटा, उमरेड में बैठ के इंतजार करूँ तो जहाज का भरोसा नहीं. बंबई में बैठ के करूँ तो मेरा भरोसा है."

ती गोष्ट ऐकल्यावर मी त्या काळाबद्दल जमेल तेवढं वाचलं. मुंबई हे हिंदुस्थानातल्या हाजींचं सर्वांत मोठं बंदर. एकोणिसाव्या शतकात गावोगावचे लोक आठवडेच्या आठवडे आधी मुंबईत यायचे, कारण जहाजाची जाहीर केलेली तारीख खरी असेलच असं नव्हतं. दलाल तिकिटं विकत राहायचे आणि जहाज भरेपर्यंत हलायचं नाही. गरीब हाजींची शिदोरी मुंबईतच संपायची. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८६ साली सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. होय, तीच सहली काढणारी थॉमस कुक. सात-आठ वर्षांनी कंपनी त्यातून बाहेर पडली. पुढे कायद्यात तरतूद आली की जाहीर तारखेला जहाज सुटलं नाही, तर थांबलेल्या हाजींना दिवसामागे भरपाई द्यावी लागेल. १९३२ मध्ये बंदरांवरच्या हज कमिट्यांचा कायदा झाला. मुघल लाईनची इस्लामी, मोहम्मदी, मुझफ्फरी, नूरजहाँ, अकबर ही नावं आजही जुन्या घरांतून ऐकू येतात. मुंबई ते जिद्दाह सुमारे २३०० सागरी मैल. १९९५ पासून हा समुद्रमार्गाचा हज बंद झाला, आणि आठ-आठ दिवस आधी पोहोचण्याची रीतही त्यासोबत गेली.

पूर्ण गेली असंही नाही. आजही विमानाने हजला जाणाऱ्यांना उड्डाणाच्या एक-दोन दिवस आधी हज हाऊसला येऊन नोंद करायला सांगतात. आमच्याकडचे लोक नागपूरला भालदारपुऱ्यातल्या हज हाऊसला जातात. उमरेडहून नागपूर पन्नास किलोमीटरही नाही, तरी कुणी म्हणत नाही की मी थेट विमानतळावर येतो. कारण हजचं विमान चुकवण्याची जोखीम कुणालाच घ्यायची नसते. व्यवस्थेलाही नाही आणि माणसालाही नाही.

आपल्याकडे गावाकडच्या माणसाची एक थट्टा नेहमी होते. दहाच्या गाडीसाठी सातला स्टेशनवर येऊन गाठोड्यावर बसलेला माणूस. शहरातले लोक हसतात, आपली शिकलेली मुलंही हसतात. पण त्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते, की आपल्यासाठी कुणी थांबणार नाही. तो कुणाला फोन करू शकत नाही, त्याच्याकडे दुसरं तिकीट काढायला पैसे नाहीत, आणि इंग्रजीत भांडता येत नाही. त्याच्याजवळ एकच गोष्ट आहे, वेळ. ती तो खर्च करतो. साहेबासाठी बोट आणि गाडी एकमेकींची वाट पाहायच्या. हाजीने मुसाफिरखान्यात बसून जहाजाची वाट पाहायची. दोघांच्या हातात काय होतं, त्यावरून दोघांच्या सवयी ठरल्या.

आता खर्चाचं बोलू, कारण शेवटी घरात अडतं ते तिथेच. मुंबईत एक रात्र जास्त म्हणजे दोन खोल्या, एकीत आम्ही चौघी आणि दुसरीत तिघे पुरुष. खोल्या, जेवण आणि टॅक्सी धरून आमचा अंदाज दहा हजारांचा निघाला. जहाजाच्या तिकिटांचे दोन लाखांच्या वर गेलेत. म्हणजे शंभर रुपये वाचवण्यासाठी वर पाच रुपये. भाभी भिशीचा हिशेब ठेवते, तिला हे लगेच पटलं. ती म्हणाली, हे पाच रुपये आपण तिकीट काढतानाच धरायला हवेत. मुंबईकराला क्रूझ जेवढ्याला पडते तेवढ्याला ती उमरेडकराला पडत नाही, हे आधीच मान्य करावं. नंतर ते अंगावर आलेल्या खर्चासारखं वाटतं आणि मग तिथेच कात्री लावावीशी वाटते. मला तिचं म्हणणं पटलं. जाहिरातीतला दर मुंबईच्या धक्क्यापासूनचा असतो. आपला दर उमरेडच्या दारापासून मोजायचा.

पण वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो, हेही खरं आहे. माझी आणि मिस्टरांची दिवाळीची सुट्टी आहे, आम्हाला दोन दिवस आधीही चालेल. भाईजान कोळसा खाणीत आहेत. त्यांना शिफ्ट असते, रजा मोजून मिळते. शुक्रवारी सकाळी मुंबईत असायचं तर गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवार पूर्ण गेला. तो एक दिवस त्यांनी अम्मीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवला होता. ते काही बोलत नव्हते, पण त्यांच्या गप्प बसण्याचं कारण हेच होतं. 'एक दिवस आधी या' असा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, की कुणाचा एक दिवस म्हणजे नुसता एक दिवस नसतो. रोजंदारीवर काम करणाऱ्याची तर तेवढी मजुरीच जाते.

मग निर्णय कुणाकडे पाहून घ्यायचा? घरात मोबाईल ज्याच्या हाताला सर्वांत जास्त चालतो, त्याच्या हिशेबाने घ्यायचा का? पुतण्याचं जहाज चुकलं तर तो दोन दिवस चिडेल आणि पुढच्या वर्षी मित्रांसोबत जाईल. त्याच्यासमोर पन्नास जहाजं आहेत. अम्मीसमोर बहुधा हे एकच आहे. तिला पहाटे दोनला उठवून, तीनला उमरेडहून काढून, विमानतळावर ताटकळत ठेवायचं, आणि संध्याकाळी जहाजाच्या शिडीवर चढवायचं, यात ती पहिल्या दिवशीच थकून जाईल. बीपीची गोळी, गुडघ्याचा पट्टा, व्हीलचेअरची सोय, हे सगळं धावपळीत होत नाही. आदल्या दिवशी पोहोचण्याचा हा दुसरा फायदा. जहाज चुकत नाही हा पहिला, आणि माणूस ताजा चढतो हा दुसरा. जहाज चुकलं तर ज्याचं सर्वांत जास्त जाईल, त्याच्याकडे पाहून तारीख ठरवावी, असं मला वाटतं. बाकीच्यांनी आपापली सोय त्याभोवती लावावी.

कुणी म्हणेल, एवढा हिशेब कशाला, अल्लाहवर भरवसा ठेवावा. ठेवतोच. पण उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असते. आदल्या रात्रीचा मुक्काम म्हणजे उंट बांधणं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून 'मुक्काम' हा शब्द मला आवडतो. अरबीतला 'मकाम' फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि इथे त्याला पक्कं घर मिळालं. मुक्काम पोस्ट उमरेड, असं आपण पत्त्यात लिहितो. मुक्काम म्हणजे राहण्याची जागा, आणि मुक्काम म्हणजे प्रवासातला रात्रीचा थांबाही. आधीच्या लोकांनी प्रवास किती मैलांचा ते मोजलं नाही, किती मुक्कामांचा ते मोजलं. त्यांच्या मोजणीत विश्रांती आणि उशीर दोन्ही आधीच धरलेले असत. आपण तास मोजू लागलो आणि मुक्काम गळून पडले.

ज्यांना अशी सहल करायची आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी इथेच सांगते. क्रूझचं तिकीट सहा-सहा महिने आधी निघतं, पण रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून फक्त साठ दिवस आधी उघडतं. मधल्या काळात विमानाची जाहिरात समोर दिसत राहते आणि आपण घाईत ते काढून मोकळे होतो. थांबा, साठावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरं, विमान काढलंच तर विमानतळ कोणता ते वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिथून अटल सेतूने शिवडीला येता येतं, पण वाट वेगळी आणि हिशेब वेगळा. तिसरं, मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख नीट पाहा. 'शुक्रवार रात्री साडेबारा' म्हणजे गुरुवारी रात्री घरून निघायचं. यात चांगले शिकलेले लोक फसतात. चौथं, प्रवास विमा घेतला तर त्यात 'जहाज चुकल्यास' ही बाब आहे का आणि किती तासांच्या उशिरानंतर लागू होते, ते बारीक अक्षरांत असतं. तेच आधी वाचा.

आणि जहाज सिंगापूर किंवा युरोपातून सुटणार असेल तर एक मुक्काम पुरत नाही, दोन धरावे. नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. वाटेत एकदा तरी विमान बदलावं लागतं, आणि बदलाच्या प्रत्येक ठिकाणी सामान मागे राहू शकतं. माणूस पोहोचला आणि बॅग नाही पोहोचली, तर बॅग जहाजाच्या मागे पोहत येणार नाही.

आमचा निर्णय परवा झाला. गुरुवारी रात्री दुरांतोने अम्मी, भाभी, मी, मुलगी आणि मिस्टर निघणार. शुक्रवारी सकाळी मुंबई. दुपारी मिस्टर जुम्मा मुंबईतच पढतील, अम्मी झोप काढेल, संध्याकाळी तिला मुसाफिरखान्याची इमारत बाहेरून दाखवून आणायची. साठाव्या दिवशी रेल्वेची तिकिटं मिळाली नाहीत तर गुरुवारचंच विमान. भाईजान आणि पुतण्या शुक्रवारी शिफ्ट करून संध्याकाळच्या विमानाने येतील. त्यांचं विमान रद्द झालंच, तर त्या रात्रीची रेल्वे आहे, समृद्धीचा रस्ता आहे आणि पूर्ण रात्र हातात आहे. दोघेच असल्यामुळे त्यांना कुठेही जागा मिळू शकते. भाईजानचा ऑपरेशनसाठी राखलेला दिवसही वाचला.

पुतण्याने शेवटी एकच शंका काढली. "आणि तरीही आम्ही नाही पोहोचलो तर?"

भाईजान म्हणाले, "हमारा छूटे तो छूटे. अम्मी का नहीं छूटना चाहिए."

अम्मी म्हणाली, "कोई नहीं छूटेगा," आणि औषधांच्या डब्यात किती दिवसांच्या गोळ्या लागतील ते मोजायला बसली. सहलीचे जेवढे दिवस होतात, त्याहून दोन दिवसांच्या जास्त भरायच्या, असं तिने भाभीला सांगितलं.